तांदळे सर आणि तरंगलेलं अंडं

तांदळे सरांना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. नेकनूरच्या स्टँडवर चहावाल्यानं विचारावं, "सर, साखर कमी का जास्त?" तर हे म्हणायचे, "तुझा काय अंदाज?" चहावाला बिचारा उतू चाललेलं दूध सोडून अंदाज करत बसायचा. एकदा सरांच्या पोटात कळ आली म्हणून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, "कुठं दुखतंय?" सर म्हणाले, "आधी तुमी सांगा, कुठं दुखत असंल? मंग दाबून बघू." डॉक्टरनं दाबलं, अन् नेमकं तिथंच दाबलं. तसल्या कळेतसुद्धा सर कॉटवर उठून बसले अन् म्हणाले, "शाब्बास! कावून वाटलं तुमाला, हितंच असंल म्हणून?" हे मला खुद्द त्यांच्या मिसेसनी सांगितलंय. सांगताना त्यांनी दोनदा कपाळावर हात मारून घेतला.

सर आमचे साधनव्यक्ती होते. हे सरकारी पद आहे, नाव मी ठेवलेलं नाही. म्हणजे माणूस मूळचा मास्तरच. त्याला त्याच्या शाळेतून उचलायचं, तालुक्याला आणून बसवायचं अन् गावोगाव हिंडून बाकीच्या मास्तरांना मदत करायला लावायचं. सरांच्या वाट्याला आले होते ऑनलाइन शोध-उपक्रम. इंटरनेटवर पोरांसाठी असे उपक्रम असतात की त्यात पोरांनी प्रश्न विचारायचा, अंदाज बांधायचा, पडद्यावर करून बघायचं, मग आपल्या हातानं करून बघायचं अन् काय कळलं ते सांगायचं. असले उपक्रम हजार सापडतात. त्यातला वर्गाला चालेल असा कोणता, अन् तो चालवायचा कसा, हे मास्तरांना दाखवणं हे सरांचं काम. ऐकायला सोपं आहे. पण शिकणारे आम्ही मास्तर होतो ना! वरून कसलंही पत्र आलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, फोटो किती पाठवायचेत.

मीही त्यातलाच. आमची शाळा नेकनूरपासून आत, फाट्यावर एसटीतून उतरून चालत यावं लागतं अशा गावात. माझ्याकडं सहावीचा वर्ग. हे उपक्रम करा म्हणून पत्र आलं तसा मी तालुक्याला मोबाइलवर एक उपक्रम हुडकून उतरवून घेतला. ज्वालामुखीचा होता. डोंगर फुटायचा, लाल लाल लाव्हा वाहायचा अन् मागं ढोल वाजायचे. मला तो कशामुळं आवडला म्हणाल तर ढोलामुळं. पोरांना मोबाइलभोवती बसवलं, फोटो काढला, वहीत 'माझा अंदाज' असा रकाना आखायला लावला अन् रकान्यात काय लिहायचं ते फळ्यावर लिहून दिलं. एकदम चोख काम.

पंधरा दिवसांनी एक जुनी मोटारसायकल शाळेत आली. मागं बांधलेला लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला, वर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर आणखी एक टॉवेल. हेल्मेट काढलं तर आत बारकासा, हसऱ्या तोंडाचा माणूस, तांदळे सर. कानावरचे केस उभे. आल्या आल्या त्यांनी माझ्या पोरांच्या वह्या मागितल्या. एक बघितली, दुसरी बघितली, तिसरी बघितली. मग सगळ्या वह्या छातीशी धरून माझ्याकडं अशा कौतुकानं बघायला लागले की मी लाजलो.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुमच्या वर्गात तीस पोरं, अन् तीसच्या तीस जणांचा अंदाज एकच? अन् तो बी बरोबर? अहो, मंग हितं शाळा कशाला चालवता? पाटी लावा बाहेर. ही पोरं लोकांच्या कुंडल्या बघतील, गाव श्रीमंत व्हईल."

पोरं खिदळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस चिडून बोलत नव्हता, हे लक्षात आलं. मला खाली सतरंजीवर बसवलं अन् म्हणाले, "आता तुमी पोरगं व्हा, मी मास्तर. तुमचाच उपक्रम करा." मी बटण दाबलं. डोंगर फुटला. दुसरं बटण दाबलं, उत्तर आलं. तिसरं दाबलं, टाळ्या वाजल्या.

"काय शोधलं?" सर म्हणाले.

मी म्हणालो, "काही नाही. त्यानंच सांगितलं."

"हेच तर! हे आगाऊ हाय बघा. इचारायच्या आधीच सांगून मोकळं. लग्नात असा एक पाव्हणा असतोय, त्याच्यापुढं कुणाला बोलता येतं का?" मग त्यांनी टॉवेलातून लॅपटॉप काढला अन् दुसऱ्या एका पानाचा फोटो दाखवला. ना रंग, ना ढोल. एक काठी, एक सूर्य अन् खाली प्रश्न: सावली सगळ्यात लहान कधी? एवढं विचारून ते पान गप्प. सर म्हणाले, "ह्याला बोलता येत न्हाई. म्हणून पोरं बोलतील."

निवडायची त्यांची रीत अशीच होती. मास्तराला आधी पोरगं करायचं, म्हणजे मास्तराचं त्यालाच कळतं. वर ते एक विचारायचेच विचारायचे, "नेट गेल्यावर काय उरतं?" नेट गेल्यावर पोरांच्या हाताला काही उरत नसेल तर उपक्रम बाद. आमच्याकडं हा प्रश्न फार कामाचा होता, कारण नेट यायचंच कमी. गावात नेटला रेंज एकाच ठिकाणी मिळायची, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुभद्रामावशीच्या शेळ्यांच्या गोठ्यात. का ते देवाला ठाऊक. मी हे सरांना रडगाणं म्हणून सांगितलं, तर सर उठलेच. "मंग चला की गोठ्यात."

झालं! पन्नास पावलांवर गोठा. पोरं शेळ्यांच्या मधेमधे बसली, लॅपटॉप गव्हाणीवर ठेवला, अन् सावलीचा उपक्रम चालू झाला. मला एका हातानं बोकड आवरावा लागत होता. तेवढ्यात एका शेळीनं माझी टाचणवही खाल्ली. टाचण म्हणजे रोज काय शिकवणार ते मास्तरांनी आधी लिहून ठेवायचं असतं. अख्ख्या महिन्याचं लिहिलं होतं मी. निम्मी वही पोटात गेल्यावर मी ओरडलो. सर म्हणाले, "असू द्या गुरुजी. तुमचं टाचण कुणाला तरी आवडलं."

त्यानंतर मी त्यांच्या मागं मागं असायचो. तालुक्याला त्यांचं प्रशिक्षण असलं की पहिल्या ओळीत. एका प्रशिक्षणाची गोष्ट आमच्या मास्तर मंडळीत अजून चालते. हॉलभर मास्तर बसले होते. सरांनी टेबलावर फडक्यात बांधलेला एक स्टीलचा डबा ठेवला. म्हणाले, "आत काय हाय? उघडायचं न्हाई. बाकी काय बी करा." पहिली पाच मिनिटं कुणी हललं नाही. मग एकानं हात वर केला. "सर, याचा जीआर आलाय का?" दुसरा म्हणाला, "हे आमच्याकडून लिहून घेणार का?" तिसरा मागून ओरडला, "उघडा की बे एकदाचा, खामखा डोक्याला ताप!" पण हळूहळू लोक उठले. कुणी हलवून बघितला, कुणी कान लावला. खडखड वाजत नाही म्हणजे खडू नाहीत, असं ठरलं. एकानं हुंगून मेथी आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं त्याला मेथी अन् शेपूतला फरक कळत नाही म्हणून सांगितलं, अन् दोघांवर एकमेकांची गचांडी धरायची पाळी आली. तासाभरानं सगळे घामाघूम. "आता उघडा!" असा एकच गिल्ला झाला. सरांनी डबा उचलला, पिशवीत टाकला अन् म्हणाले, "चला, चहाची सुट्टी." तिघं मास्तर त्यांच्या मागं स्टँडपर्यंत पळत गेलते. सर डब्याला हात लावू देईनात.

डब्यात त्यांचंच जेवण होतं. भाकरी, ठेचा अन् शेपूची भाजी. उघडला तर उत्तर कळेल म्हणून बाबा दिवसभर उपाशी राहिला. घरी गेल्यावर मिसेसना विचारतो, "तुझा काय अंदाज, भाजी चांगली असंल का आता?" त्या माउलीनं आत जाऊन दार लावून घेतलं.

आता मोठ्या साहेबांच्या भेटीचं सांगतो. त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

साधनव्यक्तीची नेमणूक कायमची नसते. सरांची मुदत मार्चअखेर संपत होती. मुदतवाढ मिळायची का त्यांना धारूरच्या डोंगरातल्या त्यांच्या मूळ शाळेवर परत धाडायचं, हे मोठे साहेब ठरवणार होते, अन् त्यासाठी ते एक उपक्रम डोळ्यांनी बघणार होते. कुठं? तर आमच्या शाळेत. सरांनीच आमची शाळा सुचवली होती. आदल्या आठवड्यात आले तेव्हा हसत नव्हते.

"गुरुजी, एका शाळेवर माझी वीस पोरं असतेत. हितं साऱ्या तालुक्याची पोरं माझी हायत. हे काम मला लई आवडतं. गेलं तर मी रडीन, आत्ताच सांगून ठेवतो."

मी म्हणालो, "जात नाही सर. आम्ही काय मेलोत का?"

उपक्रम सरांनी सोपा निवडला होता. पडद्यावर एक भांडं. साध्या पाण्यात अंडं टाकलं की बुडतं. पाण्यात मीठ वाढवत गेलं की वर येऊन तरंगतं. पान आधीच लॅपटॉपमध्ये उतरवून आणलेलं, म्हणजे गोठ्यात जायला नको. नंतर पोरांनी खऱ्या अंड्यावर तेच करून बघायचं. खरं अंडं शाळेतच होतं. आमच्याकडं पोषण आहारात दर बुधवारी पोरांना उकडलेलं अंडं मिळायचं.

साहेब बुधवारीच आले. खुर्चीवर नवा टॉवेल, टेबलावर शाल-नारळ. आमचे हेडमास्तर, आबा, सकाळपासून घामेजले होते. आबा गळ्यात तुळशीची माळ घातलेला देवमाणूस. कांदा-लसूण वर्ज्य, मग अंड्याचं तर नावच नको. सुभद्रामावशीही माळकरी. तिनं ताटलीत चार कच्ची अंडी आणली ती मान पार पाठीकडं फिरवून, अन् आबांनी ती ताटली टेबलावर घेतली ती डोळे मिटून. साहेबांना वाटलं प्रार्थना चाललीय. तेही उठून उभे राहिले.

पडद्यावरचा भाग झकास झाला. अंडं बुडलं, मीठ टाकल्यावर वर आलं. पोरांनी आपापले अंदाज लिहिले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. साहेबांनी दोन वह्या बघून मान डोलावली. मी सरांकडं बघून अंगठा दाखवला.

"आता आपलं अंडं," सर म्हणाले. मुक्ता नावाची माझ्या वर्गातली पोरगी उठली. बाप मेंढरं राखतो, पोरगी भारी धीट. तिनं काचेच्या बरणीत साधं पाणी भरलं अन् अंडं अलगद सोडलं.

अंडं तरंगलं.

बुडलं नाही, निम्म्यात लटकलं नाही, टम्म वर. मग मागून एक पोरगं म्हणालं, "साहेबाला बघायला वर आलं."

सगळा वर्ग फुटला. साहेबांनीही तोंडावर रुमाल धरला. आबा पांढरेफटक पडले. साहेब म्हणाले, "बरणी लोणच्याची आहे का? मीठ राहिलं असेल." सरांच्या अंगात वारं भरलं. "पोरांनो, साहेबांनी एक अंदाज दिलाय! कसा तपासायचा?" पोरांनी बरणी विसळली, नवीन पाणी भरलं. तरंगलं. एक पोरगी म्हणाली, पाणीच खारट असंल. साहेबांनी स्वतः ओंजळीत घेऊन चाखलं, अन् म्हणाले, "गोड आहे." मग दुसरं अंडं टाकलं. तरंगलं. तिसरं, चौथं. चारही अंडी रांगेत वर. पोरं बरणीवर तुटून पडली होती, ज्याच्या त्याच्या तोंडात कावून, कावून तरंगतंय. एक म्हणे नेटवरचं अंडं जड असंल. एक म्हणे ते शहरातलं असंल.

मुक्ता म्हणाली, "सर, आमच्या कोंबडीनं आज सकाळी अंडं घातलंय. ते आणून टाकू का?"

सर म्हणाले, "जा. पळ!"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "किती वेळ?"

"वस्तीवर घर हाय, साहेब. अर्धा तास," पळता पळता मुक्ता म्हणाली.

"मला आष्टीला मीटिंग आहे, तांदळे. उपक्रमाची निष्पत्ती काय, ते माझ्यासमोर दाखवा."

"निष्पत्ती अजून लागायची हाय, साहेब. बसा अर्धा तास. लई मजा येईल."

"मजा अहवालात लिहिता येत नाही हो," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. फाइल बंद करून फोन घ्यायला व्हरांड्यात गेला तेवढाच.

तेवढ्यात आबांनी सरांचा दंड धरला. मी शेजारीच होतो. आबा कानात बोलले, पण त्यांचं कानातलंही गावाला ऐकू जातं. "सर, सांगा ना त्यांना, मीठ टाकलंय म्हणून. अंडं तर तरंगतंयच. एवढं एक वाक्य बोला अन् आटपा. तुमचं बी वर्ष वाचंल."

आता माझं सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. मीही सरांकडं बघून डोळे मोठे करत होतो. चिमटीनं मीठ टाकल्याच्या खुणा करत होतो. बोला हो, बोला, काय जातंय!

सरांनी माझ्या चिमटीकडं बघितलं. मग आबांना हळूच म्हणाले, "पोरांनी मीठ टाकलेलं न्हाई, आबा. त्यांना ठावं हाय."

बस्स. एवढंच. साहेब आत आले, त्यांनी पुन्हा विचारलं, सरांनी पुन्हा तेच सांगितलं, "अजून लागायची हाय." साहेबांनी काहीतरी लिहिलं अन् निघाले. आबा शाल-नारळ घेऊन मागं पळाले, बाकी मास्तर आबांच्या मागं. अशा वेळी साहेबाला गाडीपर्यंत पोचवणं म्हणजे अर्धा अहवाल असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तांदळे सर वर्गातून हललेच नाहीत. बरणीपाशी उकिडवे बसले होते, पोरांच्या घोळक्यात. मी मात्र ना इकडं ना तिकडं, दारात उभा.

गाडी फाट्याकडं गेली. बऱ्याच वेळानं धापा टाकत मुक्ता आली. ओढणीच्या गाठीत अंडं. तिनं ते पाण्यात सोडलं अन् ते दगडासारखं सरळ तळाला गेलं. "बुडालं!" असा जो आरडाओरडा झाला म्हणता! सर पोरांबरोबर नाचले. चक्क नाचले. ज्या माणसाची नोकरीतली सगळ्यात आवडती जागा नुकतीच गाडीत बसून आष्टीला निघून गेली होती, तो माणूस बरणी डोक्यावर धरून नाचत होता.

दंगा ऐकून आबा आत आले. मुक्तानं विचारलं, "आबा, आपली अंडी कवाची हायत?"

"गेल्या महिन्यातली," आबा म्हणाले. "मंग?"

तेव्हा कुठं उलगडा झाला. अंड्याला दर आठवड्याला हात लावायचा म्हणजे दर आठवड्याला विटाळ. म्हणून आबा अन् सुभद्रामावशीनं सोय काढली होती: महिन्याची अंडी एकदम आणायची, एकदाच हात बाटवायचा, एकदाच अंघोळ करायची अन् मोकळं व्हायचं. मावशी नाकाला पदर लावून, तोंड फिरवून, हात न लावता पळीनं उकडायची. चौथ्या बुधवारची अंडी बीडच्या उन्हात महिनाभर बसलेली असायची. पोरं म्हणायची, वास येतोय. आबा म्हणायचे, अंड्याला वास असतोच. जन्मात खाल्लं नव्हतं, त्यांना काय ठाऊक!

"अंडं नासतं?" आबांनी विचारलं. "मला वाटलं वरून कवच हाय म्हणजे नारळावानी टिकत असंल."

कुणी हसलं नाही. आबा खालीच बसले. "माझ्या हातनं पोरांच्या पोटात हे गेलं," म्हणाले अन् डोळे पुसायला लागले. सर त्यांच्याजवळ जाऊन बसले. "आबा, अंदाज चुकला तुमचा. आपल्यात अंदाज चुकायला बंदी न्हाई. आता पुढच्या बुधवारी काय करायचं ते बोला."

पुढच्या बुधवारपासून अंडी गावातल्या बायांकडून त्या त्या आठवड्याला यायला लागली. पोरं आधी बादलीत सोडून बघायची. तरंगलं की खड्ड्यात. आबा स्वतः बादलीपाशी उभे राहायचे, हातात लांब काठी घेऊन. काठीनं अंडं हळूच ढोसायचे. काठीला विटाळ नसतो म्हणे.

मार्चअखेर पत्र आलं. मुदतवाढ नाही. सर आमच्या ऑफिसात बसूनच ते वाचत होते. वाचून झाल्यावर पत्राची घडी घातली अन् सांगितल्याप्रमाणे रडले. मोठ्यानं, पोरासारखे, चांगली पाच मिनिटं. सुभद्रामावशीलाही रडू आलं. मग नाक पुसून म्हणाले, "झालं. आता चहा टाका." मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. माझी चिमूट मला दिसत होती.

आबा मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी वर एक अर्ज धाडला. मी वाचलाय तो. 'सदर अंडे शिळे असल्याकारणाने तरंगले, यात श्री. तांदळे यांचा काहीएक दोष नसून सर्व दोष माझा व अंड्याचा आहे.' खाली सही, शिक्का. वरच्या ऑफिसात या अर्जावर लोक महिनाभर हसले म्हणे. पण फाइलीत गेलेलं मरत नाही. वर्षभरानं नवे साहेब आले, त्यांच्या हाती तो अर्ज लागला, त्यांनी चौकशी केली अन् एक दिवस आमच्या शाळेतच फोन आला: तांदळे सरांना परत घ्यायचंय, त्यांची तयारी आहे का विचारा. मागून पत्र आलं, ते मी म्हणालो मीच नेतो.

धारूरच्या पुढं घाट चढून गेलो. डोंगराच्या कडेला दोन खोल्यांची शाळा. रेंजचं नाव नाही. फाटकात गाडी लावली अन् आत बघतो तर मैदानात वीसेक पोरं अन् तांदळे सर, सगळे पोटावर आडवे, कान जमिनीला लावून. मला वाटलं भूकंप झाला का काय.

"सर!" मी हाक मारली.

"शू!" वीस तोंडांनी एकदम केलं. सर न उठताच म्हणाले, "आडवे व्हा आधी. दुधाची जीप घाटात शिरली का, ते वरच्या कानाला आधी कळतं का जमिनीवरच्या, ते बघायलोत."

मी आडवा झालो. कपडे नवे होते, पण काय करता? पत्र पुढं सरकवलं. सरांनी आडव्यानंच वाचलं, दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले ते मी अगदी जवळून बघितलं.

"आबांचा अर्ज?" ते म्हणाले.

"आबांचाच."

"देव भलं करो त्या माणसाचं." मग कान परत जमिनीला लावला. "गुरुजी, मला ते काम अजून बी लई आवडतं. पण ही पोरं बघा. मी आलो तवा तोंडातून शब्द काढत नव्हती. आता कुठं इचारायला लागलीत. ह्यांना निम्म्यात टाकून कसा येऊ?" मग पत्र परत माझ्यापुढं सरकवलं. "तुमी करा ते काम. मी तुमचं नाव कळवतो."

मी उठूनच बसलो. "मी? सर, काहीही काय! त्या दिवशी मी तुम्हाला मीठ टाका म्हणून खुणा करत होतो. बघितल्यात तुम्ही!"

"म्हणून तर," सर म्हणाले. "तालुक्यात सगळ्या शाळांत तसल्या खुणा चालत्यात. तुमाला लगेच ओळखू येतील. अन् तुमी त्यांच्यावर चिडणार न्हाई."

मी पत्र परत हातात घेतलं. तेवढ्यात एक बारकी पोरगी किंचाळली, "आली! मला जमिनीतनं आली!" अन् सर माझ्याकडं पाठ करून तिच्याकडं सरपटत गेले. पोटावरच. पांढऱ्या शर्टाचं वाटोळं झालेलं. मी थोडा वेळ वाट बघितली, मग पत्र खिशात घातलं, धूळ झटकली अन् गाडीकडं आलो. फाटकातून एकदा वळून बघितलं, तर त्यांचे पाय तेवढे दिसत होते, पोरांच्या पायांत मिसळलेले. मला पोचवायला ते फाटकापर्यंत आले नाहीत. अंड्याच्या त्या दिवशी साहेबांनाही पोचवायला आले नव्हते.